दाराच्या आतला राजा

४ फेब्रुवारी

दादा,

बातमी आधी सांगते, ख्यालीखुशाली मागून. माझा सिनेमा मंजूर झाला. आणि तो आपल्या त्या जुन्या नाटकावरच आहे, दारं ठोठावणाऱ्या राजाच्या. तुझी निम्मी हयात तो राजा रंगमंचावर उभा करण्यात गेली, म्हणून पहिलं पत्र तुला.

मी राजाच्या जागी आजचा एक साधा नोकरदार घेतलाय. त्याचं मन आजारी पडतं. राजाला जसा आपलाच महाल परका वाटायला लागतो आणि तो एकेका दारावर थाप मारून 'आत येऊ का' म्हणत फिरतो, तसाच हा स्वतःच्या इमारतीत फिरतो. कोणी उघडत नाही. सातव्या दाराशी कोसळतो आणि मरतो. नाटकाला मी कुठेही धक्का लावलेला नाही.

शेवटची फ्रेम हुबेहूब त्या प्रसिद्ध चित्रासारखी असेल. पिंजारलेले केस, फाटका अंगरखा, उगारलेली मूठ, मागे वीज. विजेसाठी खास माणूस येणार आहे, वाऱ्यासाठी दोन मोठे पंखे. तू म्हणशील एवढा थाट कशाला. अरे, मनाच्या आजाराचं नाव काढलं की लोक खुर्चीत चुळबुळ करतात. जुन्या नाटकाचा, जुन्या चित्राचा हात धरून गेलं की तेच लोक मान देऊन बघतात.

तू माझा सल्लागार हो. पडद्यावर नाव येईल. या गोष्टीच्या दोन्ही बाजू तू पाहिल्यास, रंगमंचावरची आणि इस्पितळातली.

लॉन्ड्रीवरची खोली उबदार आहे ना? फोन घे म्हणून आता डोकं खात नाही. 'फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर जमत नाही,' असं तू इस्पितळातून घरी सोडल्याच्या दिवशी म्हणालास, तेव्हापासून मी पोस्टाच्या पेटीकडे खेटे घालतेय.

तुझी बारकी

---

११ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र दाराखालच्या फटीतून सरकत आलं तेव्हा मी नुकताच खालून चादरींच्या घड्या घालून आलो होतो. हे माझं सध्याचं काम. लॉन्ड्रीवाल्या बाई इस्त्रीला कुणाला हात लावू देत नाहीत, पण मोठ्या चादरीला दोन माणसं लागतातच. दोघांनी टोकं धरायची, ताणायची, चालत जवळ यायचं, टोकं बाईंच्या हातात द्यायची आणि पुन्हा मागे जायचं. बोलावं लागत नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, गोळ्यांइतकंच हेही चालू ठेवा.

आता तुझं चित्र. ते मला काय सांगतेस? आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागे वाण्याच्या कॅलेंडरवर तेच होतं की. राजाच्या छातीवर आई दुधाचे खाडे मांडायची. तू त्याला भ्यायचीस, म्हणून तू पाणी प्यायला आलीस की मी केस पिंजारून, डोळे वटारून दारामागून निघायचो. तू किंचाळायचीस आणि मला धपाटा बसायचा. माझं अभिनयाचं सगळं शिक्षण ते एवढंच. पुढे राजा झालो तेव्हा तेच केस, तीच मूठ. माझ्या आधीच्यानेही तेच केलं, त्याच्या आधीच्यानेही. आणि चित्रकाराने म्हणे समोर एका नटालाच उभं केलं होतं. नटाने चित्राची नक्कल करायची, चित्राने नटाची. ज्याला वेड लागलं तो या दोघांच्या मधे कुठेच नाही.

तरी मला दोन पदकं मिळाली. 'वेडाचं अंगावर काटा आणणारं दर्शन,' असं परीक्षकांनी लिहिलं. मग गेल्या वर्षी मी खरोखर आजारी पडलो. तेव्हा माझे केस व्यवस्थित विंचरलेले होते. मूठ वळायची ताकद नव्हती. एका बुटाची नाडी बांधायची राहिली होती आणि खाली वाकणं काही केल्या जमेना, म्हणून मी खुर्चीत बसून राहिलो. पदक राहू दे, शेजाऱ्यांना कळलंसुद्धा नाही, कारण कॅलेंडरशी काहीच जुळत नव्हतं.

सल्लागार होऊन उंटावरून शेळ्या हाकायची मला हौस नाही. सरळ विचारतो, तुझ्या माणसाचं काम कोण करतंय? मी करतो. सोंग आणत होतो तोवर मी चांगला होतो. आता मला ते ठाऊक आहे, म्हणजे आता मी जास्त चांगला असायला हवा.

मला लिहिता लिहिता हसू येतंय. किती दिवसांनी एखादी गोष्ट हवीशी वाटली. मागच्या पानांवर माझ्या डोक्यातले प्रसंग लिहिलेत, सुचतील तसे. पाकीट जाड झालं, पोस्टात तीन तिकिटं लावावी लागतील. सगळं वाच.

दादा

---

१७ फेब्रुवारी

दादा,

पाकीट हातात घेतलं आणि उघडायच्या आधी मी ते तोलून पाहिलं. मागच्या वेळी हे असंच सुरू झालं होतं. आधी जाड जाड पत्रं, कल्पनांवर कल्पना, आणि मग एकदम काहीच नाही. फार चढलं की फार उतरतं, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय.

औषधं घेतोस ना? झोप लागते ना? रागावू नकोस, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून ठेवलाय.

भूमिकेचं म्हणशील तर ती ठरली आहे. ते काम देखणा करतोय. तोच, तुझ्या नाटकात भालदार होता आणि आता पोस्टरवर असतो. आम्ही जुळवून पाहिलं, पण तुझ्या आणि आमच्या तारखा बसत नव्हत्या. तू सल्लागार राहा. ताण नको घेऊस.

तुझी बारकी

---

२२ फेब्रुवारी

बारके,

औषधं घेतो. झोप लागते. पत्र लहान आहे, म्हणजे मी ठणठणीत आहे.

लॉन्ड्रीत चादरी धरणाऱ्या माणसाच्या तारखा बसत नाहीत हे ऐकून बाईंची करमणूक झाली. देखण्याला म्हणावं, केस वाढव.

दादा

---

३ मार्च

दादा,

तुझ्या चार ओळींनी मला जेवढं झोडपलं तेवढं आईच्या धपाट्याने झोडपलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, 'मी त्यांना भेटले, नीट तपासलं. तुमच्या भावाला आनंद झालाय. त्यावर माझ्याकडे औषध नाही. आणि पत्रांची जाडी मोजून निदान करायचं असेल तर दवाखाना तुम्हीच चालवा.'

आता खरं सांगते. तारखांचं मी रचलं. तुझं नाव मी घेतलं होतं, पहिल्याच बैठकीत. पांढरे बूट (आमचे निर्माते, बारा महिने पांढरे बूट घालतात, त्यावर कधी डाग दिसला नाही) म्हणाले, 'भाऊ तुमचे थोर आहेत, पण एकदा झालं ते परत होईल. विमावाले उभे करणार नाहीत. मनोरुग्णाचं काम निरोगी माणसानेच करावं, यातच तर कला आहे.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वहीतलं तुझं नाव खोडलं.

काल देखण्याची तालीम झाली. पंखे सुरू केले, त्याने केस सोडले, मूठ उगारली. कॅमेऱ्यातून अगदी कॅलेंडर दिसत होतं. सगळे वा वा म्हणाले. मला मात्र आपलं स्वयंपाकघर आठवून हसू फुटलं आणि मग हसूच थांबेना, तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले. मी मनाच्या आजारावर सिनेमा काढतेय आणि मला त्यातलं कणभर ठाऊक नाही. माझा भाऊ त्यातून गेला आणि मी त्याला विचारलं ते एवढंच, की गोळ्या घेतल्यास का.

तर आता विचारते. कसं असतं ते? लांब लिही. कितीही तिकिटं लागू देत.

तुझी बारकी

---

९ मार्च

बारके,

सांगतो. पण शांतपणे वाच आणि मधेच कुणाला फोन करू नकोस.

त्या दिवशी मी कामावर जायला निघालो होतो. शर्ट इस्त्रीचा, एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची सुटी. दाराला आतून कडी होती. खुर्चीपासून दारापर्यंत आपल्या त्या लहान खोलीत असं अंतर ते किती. तिथे मी बसलो आणि मला उठता येईना. दुखत नव्हतं, रडूही येत नव्हतं. उठायला जे लागतं ते कोणी काढून नेल्यासारखं झालं होतं. विचारही मोठे नव्हते. मृत्यू, नियती, असलं नाटकातलं काही नाही. समोर टेबलावर कप होता आणि तो धुवायला हवा एवढं एकच वाक्य डोक्यात दिवसभर फिरत होतं.

मग तू आलीस आणि दार ठोठावलंस.

मी सगळं ऐकत होतो. आधी तू हाका मारल्यास, मग चिडलीस, मग रडलीस. मग तू पॅसेजमधे खाली बसलीस आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायला लागलीस. 'विकणे आहे, लाकडी कपाट, एक दार नाही.' 'हरवला आहे, करड्या रंगाचा पोपट, बोलत नाही.' प्रत्येक जाहिरातीनंतर एक थाप. तू किती वेळ वाचत होतीस ते मला आजही सांगता येणार नाही. पोपट ऐकून मला आतल्या आत हसू आलं होतं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

शेवटी मी उठलो. कसा ते विचारू नकोस. आधी एक पाय जमिनीवर दाबला. मग टेबलाची कड धरली. मग भिंत. कडीला हात लावला तेव्हा ती थंड होती, हे मला अजून आठवतं. ती कडी सरकवण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि मी भर सभागृहात तलवारी फिरवल्यात.

आता कळलं तुमचं कुठे चुकतंय? आपण सगळे शेकडो वर्षं कॅमेरा पॅसेजमधे लावून बसलोय. वेडा बाहेर फिरतो आणि शहाणी माणसं आत दारं लावून बसतात, हे नाटक कुणा शहाण्याने लिहिलं. खरं उलट आहे. राजा आत असतो, बारके. ठोठावणारे बाहेर असतात. कॅमेरा आत आण. तुला वीज नको, पंखे नकोत. एक खुर्ची, एक कप, एक कडी, आणि बाहेरून थापा. बघणाऱ्याला त्या खुर्चीत बसव आणि मग म्हण, ऊठ आता.

दुसरी गोष्ट. मी मरणार नाही. तुझ्या फ्रेमसाठीसुद्धा नाही. त्या राजाच्या भूमिकेत मी रंगमंचावर हजारदा मेलो, प्रत्येक वेळी टाळ्या घेतल्या. खरी वेळ आली तेव्हा मी उठून कडी काढली, तर तेवढंच कुणाला दाखवायचं नाही. हा कुठला न्याय?

आणि तिसरी. सोमवारी मी तुझ्या पांढऱ्या बुटांना भेटायला येतोय. वेळ मागितलेली नाही. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

दादा

---

२१ मार्च

दादा,

तू सोमवारी सगळा वेळ खाली बघत होतास, म्हणून तुला न दिसलेलं सांगते.

तू आत आलास, नमस्कार केलास आणि म्हणालास, 'मला तुमची खुर्ची द्या आणि तुम्ही सगळे बाहेर जाऊन दार ठोठावा.' पांढऱ्या बुटांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता पोलीस बोलवायचे का चहा. मी म्हटलं, ठोठावा. ते स्वतः बाहेर गेले. मी आणि कॅमेरावाली कपाटाला चिकटून आत उभ्या राहिलो.

तू फक्त बसलास. चेहरा वेडावाकडा केला नाहीस. बाहेर त्यांनी आधी गमतीत ठोठावलं. मग, 'अहो, ऐकताय ना?' मग जरा जोरात. मग त्यांचा आवाज बदलला. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं, दादा, पण त्यांनी दाराला कान लावला असावा, कारण आवाज एकदम जवळून आला, 'हे बघा, उघडा. माझं चुकलं असेल तर आपण बोलू.' माणूस नक्की कुणाशी बोलत होता कोण जाणे. तू टेबलाची कड धरलीस तेव्हा कॅमेरावालीने माझं मनगट धरलं. तिची नखं उमटली होती.

तू दार उघडलंस तेव्हा ते घामाघूम होते. रुमालाने मान पुसत म्हणाले, 'पण यात वेड कुठे दिसलं?'

तू म्हणालास, 'तुम्हाला ते बाहेरून ऐकू आलं ना?'

आणि तू निघून गेलास. मागे बरीच बोलणी झाली. ते म्हणाले, असा सिनेमा कुणी बघणार नाही. मी म्हटलं, मग तुम्ही देखण्याला घेऊन दुसरा काढा, हा माझ्या भावाशिवाय होणार नाही. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मीच दचकले. त्यांनी बुटांवरची नसलेली धूळ झटकली. मग म्हणाले, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. निम्म्या खर्चात करा, विमा नाही, वीज नाही, पंखे नाहीत. मी म्हटलं, वीज कुणाला हवीय.

तर काम तुझं आहे. कॅमेराही आत येईल. देखण्याला मी स्वतः सांगितलं, त्याने केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, बरं झालं, खाज सुटली होती.

शेवट मात्र मूळ नाटकाचाच राहील. त्याबद्दल मला गळ घालू नकोस. तो खुर्चीतच मरेल, दार उघडणार नाही. ठोठावणं चालू राहील आणि पडदा काळा होईल. ते नाटक इतकी वर्षं टिकलंय ते त्या शेवटामुळे. त्याला हात लावायचा अधिकार मला नाही.

तुझी बारकी

---

२८ मार्च

बारके,

बाईंना बातमी सांगितली. म्हणाल्या, मग चादरी कोण धरणार?

शेवटाबद्दल एकदाच लिहितो. राजा मेला की लोक डोळे पुसतात आणि हलक्या मनाने घरी जातात. तो जिवंत राहिला तर त्याला उद्या पुन्हा भेटावं लागतं, चहा द्यावा लागतो, गोळ्या घेतल्यास का विचारावं लागतं. म्हणून तो मेलेला बरा वाटतो सगळ्यांना. ते नाटक शेवटामुळे टिकलं नाही, आपल्या सोयीमुळे टिकलं. तू आजारी माणसाची बाजू घेऊन निघालीस आणि शेवटी त्याला सुंदर मारणार असशील, तर तुझ्यात आणि कॅलेंडरवाल्यात फरक तो काय?

तू दिग्दर्शिका आहेस, तू सांगशील तसं करीन. पण माझं मत मी गिळणार नाही.

दोन मागण्या. माझ्या हाताखालच्या वस्तू, खुर्ची, कप, दार, मी रोज सकाळी स्वतः तपासून घेईन. रंगमंचावरची सवय आहे, त्यात कुणी आडवं येऊ नये. आणि बाहेरून तूच ठोठावायचंस. भाड्याची थाप मला कळते.

दादा

---

५ एप्रिल

दादा,

दोन्ही मागण्या मान्य. शेवट अमान्य. तू हट्टी असशील तर मीही त्याच घरातली आहे.

एकोणतीसला ये. शेवटचा प्रसंग शेवटच्या दिवशी घेऊ.

तुझी बारकी

---

१९ मे

दादा,

तू शूटिंग संपल्यावर कुणाशी न बोलता पहिल्या गाडीने निघून गेलास. बरंच केलंस, त्या दिवशी मी तुला एक तर मारलं असतं किंवा गळ्यात पडले असते, आणि दोन्ही सगळ्यांसमोर. आता संकलनाच्या खोलीत तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघून झालाय, तेव्हा सगळं लिहायला बसलेय. हे पत्र कुठे थांबेल मला ठाऊक नाही.

आधी आपल्या सेटच्या सुतारमहाराजांची उलटतपासणी घेतली ती सांगते. सेटवरचं ते दार खोटं होतं. गोष्टीत जे दार कधीच उघडत नाही ते आम्ही मागून स्क्रूने चौकटीला पक्कं करतो, म्हणजे थापांनी हलत नाही. कडी नुसती शोभेची. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी निश्चिंत होते. सुतारमहाराज म्हणाले, 'सकाळी तुमचे दादा आले, सवयीप्रमाणे खुर्ची हलवून बघितली, कप बघितला, कडी ओढून बघितली. म्हणाले, ही सरकत नाही. मी म्हटलं, सरकायचीच नाहीये. तर म्हणाले, मला माहितीये, पण जी कडी सरकतच नाही तिच्याकडे बघत बसायला मी काय खुळा आहे? सरकू शकते आणि सरकवता येत नाही, असं असलं पाहिजे.' सुतारमहाराजांना ते पटलं. त्यांनी स्क्रू काढले, कडीला तेल घातलं आणि मला सांगायचं सोयीस्करपणे विसरले. तुझ्यावर रागवायचं तरी कसं? अभिनयापुरतं ते खरंच होतं. उरलेलं तू मनात ठेवलंस. ताकास तूर लागू दिली नाहीस.

मी बाहेर होते, प्लायवूडच्या मागच्या बाजूला, वायरींच्या भेंडोळ्यांत, सेटवरच्या एसीसाठीचा रोजचा तो मळका स्वेटर घालून. आत कॅमेरावाली आणि तू. मला आतलं काही दिसत नव्हतं. तिला मी बजावलं होतं, मी 'कट' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. माझा बेत, थापा द्यायच्या, जाहिराती वाचायच्या, मनाजोगतं झालं की कट.

मी वाचायला लागले. कपाट, एक दार नाही. थाप. पोपट, बोलत नाही. थाप. पहिल्या काही जाहिराती मी दिग्दर्शिका म्हणून वाचल्या, आवाज कसा जातोय याचा विचार करत. मग कधीतरी तो विचार गेला. मी त्या पॅसेजमधे होते आणि आत माझा भाऊ होता आणि तो उठेल की नाही हे मला माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या कागदांवर लिहिलेलं होतं की तो उठणार नाही. तो कागद मीच लिहिला होता. आणि मी मात्र दाराच्या या बाजूला मनातून म्हणत होते, ऊठ, दादा, ऊठ. मला तुझ्या शेवटच्या पत्राचा अर्थ तेव्हा कळला, वाचताना नाही. जी ठोठावते तिला तो शेवट नको असतो. नाटक लिहिणाऱ्याने ठोठावणाऱ्याला कधी विचारलंच नाही.

जाहिराती संपल्या. पुढचं पान मी आणलंच नव्हतं. मी नुसती थाप देत राहिले.

कडीचा आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही. आधी थोडीशी हलली, थांबली. माझा हात हवेत राहिला. मग सरकली.

तू दारात उभा होतास. केस विंचरलेले, नाडी सुटी. आणि तू माझ्याकडे बघून जे म्हणालास ते कुठल्याच कागदावर नव्हतं. 'पोपट सापडला का?'

मी कट म्हटलं नाही. मला म्हणताच आलं नाही. मी खाली बसले आणि तुझी नाडी बांधली. कॅमेरावाली शहाणी बाई, तिने कॅमेरा हलवला नाही. रीळ आहे तसं आहे. दारात तू, तुझ्या पायाशी मळक्या स्वेटरमधली एक बाई, तिचं वाकलेलं डोकं आणि पाठच दिसते, आणि ती हसतेय की रडतेय ते पाठीवरून कळत नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

तोच शेवट राहणार आहे. कालच पांढऱ्या बुटांना दाखवला. म्हणाले, 'ही बाई कोण? हिच्याशी करार झालाय का?' मग म्हणाले, जाणकार तुम्हाला सोलून काढतील, नाटकाचा खून केला म्हणतील. मी म्हटलं, खून तर पूर्वीपासून होत होता, मी एक वाचवला. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, पुन्हा एकदा लावा.

दोन जाणकारांनी पाहिलाही. एक म्हणाले, यात भव्यता नाही. दुसरे म्हणाले, मूळ चित्रातली वीज कुठे गेली? मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी कुणाचं दार ठोठावत बसलायत का? मग म्हणाले, आईचं.

दादा, मी कालपासून झोपले नाहीये नीट. डोकं भणभणतंय, पण छान भणभणतंय. पुढच्या सिनेमाच्या तीन कल्पना सुचल्या आहेत, त्या मागच्या पानांवर लिहिल्यात. त्यातली तिसरी तुझ्या लॉन्ड्रीवर आहे. बाईंना विचार, काम करतील का. आपल्या जुन्या कॅलेंडरचं पानही सापडलंय, आईच्या ट्रंकेत, दुधाच्या खाड्यांसकट. मी ते माझ्या टेबलासमोर लावलं आहे. आता भीती वाटत नाही. त्या राजाला बघितलं की वाटतं, बाबा रे, खाली बस, मूठ सोड, कुणीतरी तुझी नाडी बांधायला येतंय.

अजून खूप लिहायचंय. पाकिटात मावेल तेवढं घालते.

तुझी बारकी

---

२६ मे

बारके,

तुझं पाकीट एवढं जाड होतं की ते दाराखालच्या फटीतून आत येईना. पोस्टमनने आधी ढकलून पाहिलं, मग वैतागून दार ठोठावलं. मी खुर्चीत बसलो होतो. उठलो आणि उघडलं.

बाई काम करायला तयार आहेत, पण इस्त्रीला कुणी हात लावायचा नाही.

एवढं लांब पत्र, झोप नाही, डोक्यात कल्पनांवर कल्पना. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून ठेवलाय. त्यासाठी लॉन्ड्रीतला फोन मागितला. डॉक्टरीणबाई बराच वेळ हसत होत्या.

तू औषधं घेतेस ना?

दादा